दोरीचा हिसका

तासगाव
14 जून

प्रिय संज्या,

फोनवर तुला अर्धंच ऐकू गेलं आणि तेवढ्यात रेंज गेली. पलीकडं तू हसत असणार हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

बागेतला वीडर, तण काढायचं यंत्र, तू पाहिलायस. 163 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन. निळा धूर सोडायला लागलं म्हणून मे महिन्यात मीच खोललं. नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, ऑइल सील आणि हेड गॅस्केट बदललं. दुसऱ्याच ओढीला चालू! मी कॉलर ताठ करून थेट द्राक्षात नेलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर पात्यात दगड अडकला आणि इंजिन खाडकन बंद पडलं. दगड काढला, दोरी ओढली, तर दोरीनं माझाच हात उलटा हिसकावला आणि कार्बोरेटरमधून फट्ट! मनगट अजून ठणकतंय. बाबा ओट्यावरून म्हणाले, "झालं का रिपेर?"

खरं तर तिथंच दगडावर विचार करायला हवा होता. पण इंजिन नुकतंच माझ्या हाताखालून गेलेलं, त्यामुळं सगळा संशय माझ्याच कामावर. आधी कार्बोरेटर. जेट साफ केला, पेट्रोल बदललं. मिश्रण पातळ असलं की कार्बोरेटरमधून फटके येतात हे आयटीआयपासून डोक्यात बसलेलं. म्हणून हवा कुठून ओढतंय का पाहायला इनटेकचं गॅस्केटही बदललं. फरक शून्य. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. थंड इंजिनवर इनटेकला 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 मिलिमीटर, फिलर गेज घालून दोनदा पाहिलं, बरोबर. प्लग नवा, करंट निळा, कडक.

मग वेड्यासारखं साइड कव्हर खोललं. म्हटलं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा गिअर बसवताना एक दात चुकला असेल. चांगलं ऑइल गेलं, गॅस्केट फाटलं, अर्धा दिवस गेला आणि आत दोन्ही गिअरची जुळणीची टिंबं समोरासमोर, अगदी नवरा-नवरी पाटावर बसल्यासारखी.

रात्री जेवताना दोरीच्या हिसक्याचं कोडं सुटलं. मिश्रण पातळ असलं तर इंजिन फटके देईल, पण हात कशाला ओढेल? हात ओढतंय म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आत ठिणगी पडतेय, फार आधी. स्फोट पिस्टनला आल्या वाटेनं परत ढकलतो, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, उलटा फिरतो आणि जळका वायू इनटेकमधून बाहेर. आणि आपल्या या इंजिनात ठिणगी कधी पडायची हे ठरतं क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावरून, फ्लायव्हीलवरून: त्यावरचा मॅग्नेट कॉइलसमोरून गेला की ठिणगी. हातानं टायमिंग सेट करायची सोयच नाही.

सकाळी प्लग काढला, भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आणला. तेव्हा मॅग्नेट कॉइलच्या थोडाच पुढं गेलेला असायला हवा, कारण ठिणगी त्याच्या वीसेक अंश आधी पडते. हा तर चांगला बोटभर पुढं! पुलर लावून फ्लायव्हील काढलं. क्रँकच्या खाचेतली ती नखाएवढी चावी मधोमध कापलेली, वरचा अर्धा भाग सरकलेला. दोन तुकडे तळहातावर घेतले तर कडा आरशासारख्या चकाकत होत्या.

आता माझा मूर्खपणा. फ्लायव्हील धरून ठेवतो तो टेपर, क्रँकचा निमुळता टोकाचा भाग; चावी फक्त जागा दाखवते. आणि मी त्या टेपरला बसवताना ऑइल चोपडलेलं! जिथं तिथं ऑइलचं बोट फिरवायची माझी सवय तुला माहीतच आहे. वर नट रिंग पान्यानं अंदाजानं आवळला. दगडानं क्रँक जागच्या जागी थांबला, फ्लायव्हील मात्र आपल्या वेगात पुढं घसरलं आणि चावी कापून मोकळं झालं.

टेपर पेट्रोलनं पुसून कोरडा केला, नवी चावी घातली, नट उसन्या टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं, 75 न्यूटन मीटरला आवळला. पहिल्या ओढीला चालू, हातात मऊ दोरी. बाबांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीला येताना तुझा टॉर्क पाना घेऊन ये. ज्याचा आणलाय तो रोज फोन करून विचारतोय.

तुझा,
बाळ्या