साचलेल्या पाण्यात टेस्टर बुडवू नका

महोदय,

पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमातासारख्या सखल भागांत तळमजल्यावरील मीटररूममध्ये पाणी शिरले, की कोणीतरी टेस्टर घेऊन त्यात उतरतो आणि दिवा लागला नाही म्हणून ‘करंट नाही’ असे जाहीर करून मोकळा होतो. हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. टेस्टरमधला निऑन दिवा लागायला धरणाऱ्याच्या शरीरातून किंचित प्रवाह जमिनीत जावा लागतो. तो स्वतःच त्या पाण्यात उभा असेल, तर हात आणि पाणी यांच्यात विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) पुरेसा फरक उरत नाही आणि पाण्यात वीज उतरलेली असूनही दिवा विझलेलाच राहू शकतो. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटरही त्याच्या दोन टोकांमधलाच फरक दाखवतो, चार हात पलीकडच्या लोखंडी खांबापाशी काय आहे ते नाही.

पुरवठा आधी तोडावा, तोही कोरड्या जागेवरून. मेन स्विचच पाण्यात असल्यास वीजकंपनीला आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवून लांब थांबावे. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत दरवर्षी पुढे ढकलला जातो (लॉबीच्या टाइल्सना मात्र लगेच मंजुरी मिळते). वीजकंपन्यांनीही अशा इमारतींतील मीटर पाण्याच्या पातळीच्या वर हलवण्यासाठी सोसायट्यांच्या मागे लागावे, ही विनंती.

– एक रहिवासी, परळ, मुंबई