संपादक गाउडस्मिट अर्ध्या ओळीत?

महोदय,

इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’च्या शताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युअल गाउडस्मिट यांच्यावर आलेले टिपण वाचले. १९२५ मधील संशोधन आणि महायुद्धातील कामगिरी यांना त्यात भरपूर जागा मिळाली. ज्या कामात त्यांची तेवीस वर्षे गेली, ते संपादन मात्र ‘पुढे ते एका नियतकालिकाचे संपादकही होते’ एवढ्या अर्ध्या ओळीत उरकले आहे.

ते नियतकालिक म्हणजे अमेरिकन फिजिकल सोसायटीचे ‘फिजिकल रिव्ह्यू’. १९५१ ते १९७४ या काळात गाउडस्मिट यांनी ते सांभाळले, आणि त्यातील ‘संपादकांना पत्रे’ हे सदर वेगळे काढून जुलै १९५८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ सुरू केले. ज्यात चार पाने छापून यावीत म्हणून जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ आज धडपडतात, त्या नियतकालिकाचा उगम पत्रांच्या सदरात आहे, हे आपल्या पत्रांच्या सदरातूनच कळवताना मला थोडी गंमत वाटते.

लेख छापावा की अडवावा, या निर्णयाचे मोल त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले होते. नेदरलँड्समधील लायडन येथे त्यांनी व त्यांचे सहविद्यार्थी जॉर्ज उलेनबेक यांनी इलेक्ट्रॉनला स्वतःभोवतीची फिरकी, म्हणजेच ‘स्पिन’, असल्याची कल्पना मांडली, तेव्हा ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी दाखवून दिले की तसे मानल्यास इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहून कितीतरी जास्त निघतो. घाबरून दोघे लेख मागे घ्यायला निघाले; पण त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो केव्हाच पाठवून दिला होता, आणि तुमच्या वयाला एखादा मूर्खपणा परवडतो, असे सांगून त्यांची समजूत घातली. हीच कल्पना काही महिने आधी राल्फ क्रोनिग या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सुचली होती. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी ती उडवून लावली आणि क्रोनिग यांनी ती छापलीच नाही.

महायुद्धात जर्मनीच्या अणुसंशोधनाचा माग काढणाऱ्या ‘अल्सॉस’ मोहिमेविषयी आपण सविस्तर लिहिलेच आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबर्ग येथे हाती लागलेल्या कागदांवरून जर्मनी अणुबॉम्बच्या जवळपासही नाही, हे गाउडस्मिट यांनी ओळखले. त्यांचे आईवडील त्याआधीच, १९४३ मध्ये, ऑशविट्झ येथे मारले गेले होते. आपल्या टिपणात त्याचा उल्लेख असायला हवा होता.

संपादक म्हणून ते चुकलेही. १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी पहिल्या लेसरविषयी पाठवलेला लेख ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने परत केला आणि तो ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. मात्र त्याच वर्षाच्या आरंभी, शोध आधी वृत्तपत्रांतून गाजवून मग नियतकालिकाकडे पाठवण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी संपादकीय लिहिले होते. ते मला आजही पटते; आपल्याला ते कितपत रुचेल, ठाऊक नाही.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातील एका कारखान्यात चादरी तपासत. चादर उजेडासमोर धरायची, सुटलेला धागा दिसला की खडूने खूण करायची आणि ती बाजूला ठेवायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. चादर घेणाऱ्याला त्यांचे नाव कधी कळले नाही. गठ्ठा परत आला, तर मालकाला मात्र लगेच आठवत असे. मी भौतिकशास्त्र शिकवले, तरी आपल्या पुरवणीतील विज्ञानाचे पान मी त्याच नजरेने वाचतो. हे पान छपाईला जाण्यापूर्वी विषय जाणणाऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या शहरात महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. असा माणूस शोधायला लांब जावे लागणार नाही.

त्याच टिपणाच्या चौकटीत ‘१९२५ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला’ असे छापले आहे. तो शोध १८९७ चा, जे. जे. थॉमसन यांचा. उद्या दहावीतला एखादा विद्यार्थी हे कात्रण वहीत चिकटवेल, म्हणून दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर