काका, त्या दिवशी थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

काका, तुम्ही हात पुसून निघूनही गेलात आणि मी आपला गल्लीत पुढे-मागे ब्रेक मारून बघण्यात दंग. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

तीन वेळा गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली एअर काढून झाली होती, लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात करून, अख्खी बाटली ब्रेक ऑइल संपवून, तरी पेडल आपलं स्पंजसारखं, दोन-तीनदा मारलं की वर यायचं आणि थोड्या वेळाने परत खाली. मी तर मास्टर सिलिंडरच, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंपच, बदलायला निघालेलो. तुम्ही पान्याला हातही लावला नाहीत, नुसते पुढच्या चाकाशी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "अरे, निपल खाली कसा काय? हवा वर जाते ना?" झालं! कॅलिपर, म्हणजे चाकाशी ब्रेक आवळणारा भाग, साफ करून बसवताना डावा-उजवा उलटा लावला होता मी, म्हणून हवा सोडायचा स्क्रू, तो निपल, खाली गेलेला. बुडबुडा वरच्या कोपऱ्यात मजेत बसलेला, मी खालून कितीही ऑइल काढलं तरी तो कशाला येतोय.

दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवल्यावर तुम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा सरकवलात, तेव्हा मनात म्हटलं हे काय आता. पण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबरं रोज जिथपर्यंत सरकतात त्याच्या पुढे गंज, घाण साठलेली असते आणि पेडल पार तळाला नेलं की रबर तिथे घासून फाटतं, हे मला कुठे माहीत, मी तिन्ही वेळा दणादण तळापर्यंत दाबलेलं. वाचलं बिचारं.

मग तुमचं "दाबलं!", माझा निपलला पाव फेरा, नळीतून काळपट ऑइल आणि भडाभडा बुडबुडे, आणि मी "बंद!" म्हणेपर्यंत तुम्ही पाय उचलायचा नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला नळीत एकही बुडबुडा नाही आणि तुम्ही आतून म्हणालात, "दगड झाला बघ."

हो, आणि ती गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरू दिली नाहीत त्याबद्दलही थँक्यू. मला कंजूषपणा नडणार होता, कारण डॉट 3 जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढलं की तेच 140 च्या आसपास येऊ शकतं, आणि उतारावर ब्रेक तापल्यावर वाफ झाली की पेडल गेलंच.

दोन वर्षांनी परत ऑइल बदलायचंय, तारीख बॉनेटच्या आतून लिहून ठेवलीय. पेडलवर तुम्हीच बसायचं.