एकाच ट्रकमधून निघालेले झेपेलिन आणि पर्पल

मा. संपादक,
स. न.

ब्रिटनच्या रॉक बँडांत लेड झेपेलिन मोठे की डीप पर्पल, हा वाद गेले तीन रविवार आपल्या पत्रांच्या सदरात रंगला आहे. कुणी खपाचे आकडे काढले, कुणी पर्पलला नुसता गोंगाट म्हटले. वाद जरूर व्हावा, कॉलेजात असल्यापासून मीही तो घालत आलो आहे. पण वाजवण्याबद्दल एकाही पत्रात चार ओळी नाहीत, याचे फार वाईट वाटले.

खरे तर कानांनी तुलना करायची सोय आयतीच आहे. रोलिंग स्टोन्स या आणखी एका ब्रिटिश बँडने एका ट्रकमध्ये फिरता स्टुडिओ उभा केला होता, तो इतर बँडनाही भाड्याने मिळे. झेपेलिनच्या चौथ्या अल्बमचा (1971) मोठा भाग त्याच ट्रकमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि पर्पलचा ‘मशीन हेड’देखील (1972) त्यातच. म्हणजे यंत्रे तीच, फरक फक्त जागेचा आणि हातांचा.

झेपेलिनने तो ट्रक इंग्लंडातल्या हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूपाशी नेला. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी जॉन बोनमचे ड्रम खालच्या हॉलमध्ये मांडले आणि माइक टांगले वर जिन्यात. मी तबला शिकवतो. मुलांना घुमारा समजावायचा असला की आधी डग्ग्यावर एक मोकळी थाप देतो आणि मग या गाण्याची सुरुवात लावतो. बोनम मागे रेलून वाजवतो, घाई म्हणून नाही. प्रत्येक घावानंतर त्या जिन्यातली पोकळी ऐकू येते. मुले आपोआप गप्प होतात.

पर्पलचे सगळेच वेगळे. डिसेंबर 1971 मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला पोचले, तर ज्या कसिनोत काम करायचे तोच फ्रँक झापा या अमेरिकी रॉक संगीतकाराच्या कार्यक्रमात आग लागून डोळ्यांदेखत खाक झाला. दुसऱ्या जागी आवाजाच्या तक्रारीवरून पोलिस आले. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात, गाद्या उभ्या करून, त्यांनी अल्बम पुरा केला. ‘हायवे स्टार’मध्ये इयन पेसचा ड्रम कोरडा, अगदी जवळचा, तबल्याच्या किनारीवरच्या ‘ना’सारखा नेमका पडतो. त्यावर जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढलेला, जर्मन संगीतकार बाखच्या वळणाने धावत सुटतो. याला गोंगाट म्हणणाऱ्यांनी तेवढा तुकडा तरी पुन्हा शांतपणे ऐकावा.

एका पत्रात या सगळ्यांना ‘कट्टर वैरी’ म्हटले आहे. वैर कसले? झेपेलिनच्या ‘रॉक अँड रोल’मधला पियानो इयन स्टुअर्टचा आहे, आणि तो माणूस स्टोन्सच्या घरचा. (झेपेलिनचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट 1972 मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे.)

माझा कौल विचाराल तर ड्रममध्ये बोनम, पण बँड म्हणून पर्पल. पटत नसेल त्यांनी कोणत्या गाण्यात, नेमक्या कोणत्या जागेवर, ते लिहावे. मी ती जागा काढून ऐकेन.

आपला,
एक तबलाशिक्षक, सातारा