कासवासाठी जाळं कापलं तर ढिवरालाही भरपाई द्या

संपादक साहेब, नमस्कार,

उन्हाळा लागला की दरवर्षी पेपरात वेळासच्या कासवांचे फोटो येतात, पिल्लं समुद्राकडे जाऊन राह्यली अन् पुण्या-मुंबईची पब्लिक मोबाईलवर शूटिंग करून राह्यली. चांगलंच काम आहे, सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथं अंडी राखायला घेतली अन् गावानं साथ दिली म्हणून हे झालं. पण कोकणातलीच दुसरी एक गोष्ट आहे, तिची बातमी फारशी होत नाही अन् आम्हाला तीच जास्त कामाची वाटते.

समुद्रात ऑलिव्ह रिडले कासव जाळ्यात अडकलं अन् मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर त्या जाळ्याची भरपाई सरकार देते, २५ हजारांपर्यंत. डिसेंबर २०१८ पासून ही योजना आहे, सोडतानाचा फोटो नाहीतर व्हिडीओ दाखवावा लागते. कासव पाण्यात राहते पण श्वास फुफ्फुसानं घेते, त्याला वर यावंच लागते, अन् ट्रॉलरचं जाळं तर तासन्‌तास ओढणं चालू असते, मग आतल्या आत गुदमरून मरते. त्यासाठी जाळ्यात बसवायची लोखंडी गजांची चौकट आहे, टेड म्हणतात, कोळंबी गजांतून मागं जाते अन् कासव गजाला अडून बाजूच्या तोंडातून बाहेर निघते. ती आपल्याकडे नीट बसवली नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. डॉलर अडकले तेव्हा मोठ्यामोठ्यांना कासव आठवलं, असो.

आता आमच्याकडचं ऐका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत, वर वैनगंगा नदी आहे, अन् सगळीकडे आम्हा ढिवरांची म्हणजे मच्छीमारांची तंगुसाची, बारीक नायलॉन धाग्याची जाळी. संध्याकाळी जाळं लावायचं, सकाळी काढायचं. रात्री त्यात कासव गुतलं की सकाळी मेलेलंच हाती येते. समुद्रातलं असो का तलावातलं, फुफ्फुस तर फुफ्फुसच आहे ना बाप्पा. हे आमचं कासव मेलेले मासे, गोगलगाई खाऊन पाणी साफ ठेवते अन् कायद्यात तेही शेड्यूल १ मध्येच येते, मारलं तर तीन ते सात वर्षं जेल. म्हणजे शिक्षा कोकणाएवढीच, पण जाळं कापल्याची भरपाई तेवढी समुद्रातल्यांनाच. काहून?

अन् जिवंत निघालं तरी घोळ आहेच. जाळं कापावं तर आठवड्याची कमाई जाते, फॉरेस्टवाल्याला सांगावं तर तोच उलटा चौकशी करते अशी सगळ्यांना भीती. तेवढ्यात वीस नखी म्हणजे वीस नखांचं कासव शोधणारा कोणीतरी गावात फिरतच असते, अशा कासवानं गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या बुवांचं हे गिऱ्हाईक. कासवाला सोडणाऱ्या ढिवराच्या हाती सरकारकडून शून्य अन् नखं मोजणारा रोख पैसे घेऊन उभा, मग गरीब माणूस कुठं जाईल सांगा.

आमच्या लोकांच्याही चुका आहेत, त्या झाकत नाही. रात्रभर जाळं टाकून घरी झोपायचं, फाटलेलं तंगुस तलावातच सोडून द्यायचं, उन्हाळ्यात तलाव आटला की पोट्टे चिखल उकरून कासवं काढतात तेव्हा पाहत बसायचं, हे बंद झालं पाहिजे. मच्छीमार सोसायट्यांनी मनावर घेतलं तर होते. रात्रीतून एखादा चक्कर मारून जाळं पाहणं काही एवढं कठीण नाही, अन् कासव जखमी असलं तर वन विभागाचा १९२६ नंबर आहेच.

मागणी एवढीच की कोकणातली भरपाई गोड्या पाण्यालाही लागू करा. तलावाचं जाळं स्वस्त असते, २५ हजार कोणी मागत नाही, जाळ्याची किंमत भेटली तरी बस. फोटो ढिवरानं मोबाईलवर पाठवावा, सोसायटीच्या सचिवानं सही करावी अन् तलाव लीजवर देतानाच करारात हे लिहून टाकावं. आमच्याकडच्या आमदारांनी विधानसभेत एकदा विचारावं. फक्त फॉर्म एका पानाचा ठेवा अन् त्यासाठी तालुक्याला चार चकरा मारायला लावू नका.

– सोसायटीचा एक सभासद, जि. भंडारा