विहिरीकडची उंडी

कुचिंग, सारावाक, मलेशिया

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. गाडीला शेड हवी म्हणून विहिरीकडची उंडी तोडायची म्हणत होता. बाबा, मी येईपर्यंत तिला कुऱ्हाड लावू देऊ नका. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी आम्ही इथल्याच सारावाकमधल्या लुंडू गावी गेलो होतो. वाटेत शेजारच्या काकूंनी एक झाड दाखवलं. इथे त्याला बिंतांगोर म्हणतात. पान तोडून उजेडाकडे धरलं आणि पोटात कालवलं. मधली जाड शीर, तिच्या दोन्ही अंगांना केसाएवढ्या बारीक, एकीला एक लागून गेलेल्या रेषा, देठाला चीक. आपल्या उंडीचंच कूळ!

१९८७ साली याच लुंडूच्या भागातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी एका बिंतांगोरचा पाला नि डहाळ्या नेल्या होत्या. प्रयोगशाळेत त्यांच्या अर्काने एचआयव्हीला, म्हणजे एड्सच्या विषाणूला, रोखलं. आणखी पाला न्यायला माणसं परत आली, तर झाड जागेवर नाही! तोडून झालं होतं. आसपासची तशीच दिसणारी झाडं तपासली, त्यांत तो गुण उतरेना. शेवटी तोच वाण सापडला सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये, कोणी तरी फार पूर्वी लावून ठेवलेला. हे ऐकल्यापासून मला आपली उंडी दिसतेय.

त्या द्रव्याचं नाव कॅलानोलाइड ए. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. ते काम करणारं जे एन्झाइम, त्यालाच हे द्रव्य अडवतं. पुढे माणसांवर चाचण्याही झाल्या, पण औषध म्हणून ते बाजारात आलेलं नाही. दुसऱ्या एका बिंतांगोरच्या चिकातही त्याचंच भावंड मिळालं. चीक काढायला झाड पाडावं लागत नाही, सालीला चीर दिली की झालं.

आणि १९९३ साली मलेशियातल्या उंडीत, म्हणजे अगदी आपल्याच जातीत, इनोफायलम नावाची तसंच काम करणारी द्रव्यं सापडली. पण म्हणून आईने पाल्याचा काढा मात्र करायचा नाही हं. काचेच्या नळीत दिसलेला गुण पोटात गेल्यावर तसाच येईल असं नसतं. आजी गुडघ्यांना उंडीच्या बियांचं तेल, उंडेल, चोळायची, तेवढंच आपण करावं.

शेड गोठ्याच्या अंगाला होईल. अगदीच अडलं तर विहिरीवर आलेल्या फांद्या छाटा, पण बुंध्याला हात नको. खाली पडलेल्या बिया आईला वेचून ठेवायला सांगा. मे महिन्यात आले की खाडीकडच्या बांधावर लावू.

तुमची,
धाकटी