दुसरी बाटली

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र पोचलं. मी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये नाव घातलं म्हणून चार पानांपैकी साडेतीन पानं राग आणि उरलेल्या अर्ध्या पानात तब्येतीची चौकशी. 'गिनिपिग व्हायची हौस तुला कुठून आली?' हे वाक्य दोनदा आहे, एकदा खाली रेघ मारून. फोन केला असता तर पहिल्या दोन मिनिटांत आपण भांडलो असतो, म्हणून लिहितोय. मध्ये तोडायची सोय नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आजार उलटलाय हे आधी मलाच कळलं, डॉक्टरांना नंतर. दाढी करताना कानाखाली, जबड्याच्या मागे, बोटाला एक गाठ लागली. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढी. दुखत नव्हती, दाबली की सरकायची. तीन वर्षांपूर्वी केमो झाली तेव्हाची गाठही अशीच होती, तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी सुमनला काही बोललो नाही. त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही.

तोच तो मॅन्टल सेल लिम्फोमा. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो गेल्यासारखा वाटतो आणि बहुतेकांमध्ये परत येतो. पुन्हा केमोचा तोच रस्ता धरण्यात फारसा अर्थ नव्हता. डॉक्टरांनी बीटीके रोखणारी गोळी सांगितली. या बी-पेशींना 'जगा, वाढा' असा निरोप सतत लागतो, आणि तो पोचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे बीटीके नावाचं प्रथिन. गोळी त्याचं तोंड बंद करते. अशी पहिली गोळी, आयब्रुटिनिब, २०१३ साली याच आजारासाठी मंजूर झाली. त्याआधीच्या चाचणीत आजार उलटलेले किंवा औषधांना दाद न देणारे १११ रुग्ण होते आणि त्यातल्या ६८ टक्क्यांमध्ये गाठी निम्म्याने तरी कमी झाल्या. तरी पेशी हळूहळू पळवाट शोधतात, आणि एकट्या गोळीचं काम कधीतरी संपतं.

म्हणून दुसरी गोळी. तिची गोष्ट मला जास्त आवडते. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवून दिलं की बीसीएल-२ नावाचं जनुक पेशींना वाढवत नाही, त्यांना मरू देत नाही. तोवर कॅन्सर म्हणजे बेसुमार वाढ, एवढंच सगळे धरून चालले होते. इथे मुदत संपलेली पेशी जागा सोडायला तयार नाही, असा प्रकार निघाला. त्या प्रथिनाला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स बाजारात यायला २०१६ उजाडलं. माझ्या ट्रायलमधलं औषध त्याच कुळातलं, पण नवं. त्याला अजून धड नावही नाही, अक्षरं आणि आकडे आहेत.

दोन्ही एकत्र का, हे मला डॉक्टरांपेक्षा माझ्याच मानेने जास्त नीट समजावलं. सुरुवातीला फक्त पहिली गोळी होती. दहाव्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे या बी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, दुपटीच्या वर गेलेल्या. मी हबकलो. सिस्टर म्हणाल्या, "गाठ दाबून बघा." बघितली तर अर्ध्यावर आलेली! गाठींच्या आत या पेशींना आसरा असतो, आजूबाजूच्या पेशी त्यांना सांभाळून घेतात. बीटीके बंद झालं की त्यांची तिथली पकड सुटते आणि त्या रक्तात येऊन पडतात. बिळात पाणी ओतलं की उंदीर बाहेर येतात, तसं. आणि बाहेर, आसरा नसताना, बीसीएल-२ अडवणारी गोळी त्यांना जास्त सहज मारते. निदान तर्क तरी असा आहे.

आता तुझ्या रेघ मारलेल्या वाक्याकडे येतो. दुसऱ्या बाटलीत खरं औषध आहे की प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, हे मला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, सिस्टरना नाही. कॉम्प्युटरने नाणं उडवलं आणि मला एका नंबरची बाटली मिळाली. तू याला फसवणूक म्हणतोस. पण पहिली गोळी सगळ्यांना खरीच आहे, नुसत्या प्लासिबोवर कोणालाही ठेवलेलं नाही. तुझ्या रागाच्या मुळाशी असं गृहीत आहे की दुसरी गोळी मिळणं म्हणजे फायदाच, आणि न मिळणं म्हणजे हक्क मारला जाणं. मीही आधी तसंच धरून बसलो होतो.

मग डॉक्टरांनी बेलिनी नावाच्या चाचणीबद्दल सांगितलं. मल्टिपल मायलोमा, हासुद्धा रक्ताचाच कॅन्सर. उलटलेल्या आजारावर नेहमीच्या दोन औषधांच्या जोडीला १९४ जणांना व्हेनेटोक्लॅक्स दिलं, ९७ जणांना प्लासिबो. व्हेनेटोक्लॅक्सवाल्यांचा आजार जवळजवळ दुप्पट काळ दबून राहिला. कागदावर घवघवीत यश. पण मृत्यू मोजले तेव्हा तिकडे ४१ निघाले आणि प्लासिबोकडे ११. टक्क्यांत २१ आणि ११. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जाहीर इशारा दिला. पुढे असंही दिसलं की ज्यांच्या पेशींमध्ये गुणसूत्रांची एक ठरावीक अदलाबदल आहे, त्यांना हे औषध चांगलं लागू पडतं. म्हणजे औषध वाईट नव्हतं, सरसकट सगळ्यांना देणं महागात पडलं. श्रीधर, प्लासिबोची ती ९७ माणसं नसती तर हे कळलं असतं का? आजार आटोक्यात दिसतोय म्हणून सगळे खूश राहिले असते आणि जास्तीचे मृत्यू आजाराच्या खात्यावर गेले असते. जन्मभर हिशेब तपासले मी. ताळा जमला नाही की चूक कुठल्या रकान्यात आहे हे शोधायला दुसरा रकाना लागतो.

माझ्या आजारात चित्र बरं आहे. आयब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्सची जोडी २६७ जणांवर तपासली गेली, अशीच प्लासिबो ठेवून. निम्म्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंत जोडीवर ३१.९ महिने गेले, एकट्या गोळीवर २२.१. पण एकूण आयुष्य वाढतं का, याचा आकडा पक्का म्हणण्याइतका वेगळा आला नाही. म्हणून अजून विचारतायत. माझ्यासारख्यांना.

कन्सेंट फॉर्मबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. त्याचं मराठी ज्याने केलं त्याला शिक्षा म्हणून तोच फॉर्म मोठ्याने वाचायला लावला पाहिजे. 'सहभागीस प्रतिकूल घटना अनुभवास येऊ शकतात' म्हणजे उलट्या होतील, हे मला तिसऱ्या वाचनाला कळलं. सही करण्याआधी मी तो दोनदा घरी आणला, समासात एकोणीस प्रश्न लिहिले. कधीही सोडता येतं, कारण न सांगता. पाचव्या पानावर आहे.

दुसरी बाटली उघडायच्या दिवशी खरी भीती वाटली. पेशी एकदम ढिगाने मेल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड सगळं रक्तात उतरतं. किडनी बसते, हृदयही थांबू शकतं. औषध फार चांगलं चाललं म्हणून माणूस दगावतो! व्हेनेटोक्लॅक्सच्या सुरुवातीच्या चाचण्यांत हे घडलं. तेव्हापासून ते २० मिलिग्रॅमवर सुरू करून दर आठवड्याला एकेक पायरी चढवत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात. माझीही तशीच चढण चालू आहे. डोस वाढतो त्या दिवशी गोळीआधी रक्त, सहा तासांनी रक्त, दुसऱ्या सकाळी रक्त. दोन लिटर पाणी. बाटलीत प्लासिबो असलं तरी हे सगळं तसंच, नाहीतर गुपित फुटेल. पहिल्या दिवशी मी ते सहा तास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढले. पोटॅशियम ४.२ आलं, म्हणजे नॉर्मल. सुमन तेव्हा पहिल्यांदा खाली जाऊन बसली.

एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. घेतलेल्या गोळ्यांची डायरी ठेवावी लागते. मागच्या आठवड्यात एका रात्री झोप लागली आणि गोळी राहिली. सकाळी पेन हातात घेऊन बसलो. त्या चौकोनात बरोबरची खूण करणं किती सोपं होतं, आणि एक गोळी टॉयलेटमध्ये टाकली की बाटलीचा हिशेबही जुळला असता. मी, ज्याने दुसऱ्यांच्या व्हाउचरवर आयुष्यभर लाल शेरे मारले! शेवटी शून्य लिहिलं. कोऑर्डिनेटर मुलीने बाटलीतल्या गोळ्या ट्रेमध्ये ओतून मोजल्या, शून्याखाली तारीख घातली आणि म्हणाली, "बरं झालं लिहिलंत. बरेच जण लिहीत नाहीत." एवढंच.

वहिनींनी पाठवलेल्या वनस्पतींच्या कॅप्सूल मी परत करतोय, त्यांना वाईट वाटू देऊ नकोस. लिव्हरमधलं एकच एन्झाइम या दोन्ही गोळ्यांची विल्हेवाट लावतं. त्याला अडवणारं काही पोटात गेलं की औषध रक्तात साचत जातं. ग्रेपफ्रूटपासून काही अँटिबायोटिक्सपर्यंत सगळ्यांची यादी कपाटावर चिकटवलीय. कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे ते डबीवर लिहिलेलं नाही.

येत्या मंगळवारी शेवटची पायरी आहे. सकाळी आठला रक्त, मग सहा तास बसून राहायचं. सुमनला त्या दिवशी घरी ठेवणार आहे, फार थकलीय. तू ये. पत्ते आण. उरलेलं भांडण तिथे करू.

तुझा,
अनंता